वहीतील साक्ष

पाचवी ते आठवीच्या वर्गातील मुलास निबंध लिहावयास सांगितला आणि त्याने तो गाईडातून जसाच्या तसा उतरवून आणला, तर त्याने खोटे केले काय? प्रश्न लहान दिसतो. परंतु आमच्या मंडळ्यांतील मुले शाळेत जातात, त्यांच्या वह्या उपदेशक बंधुभगिनींच्या हाती येतात, आणि पुष्कळ घरी त्या वाचून पाहणारे दुसरे कोणी नसते. म्हणून त्याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

उदाहरण कसबा बावड्याचे घेऊ. शाहू महाराजांचा जन्म 1874 साली जेथे झाला तेच हे गाव. आता ते कोल्हापूर महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. तेथे पंचगंगेवर राजाराम बंधारा आहे, आणि पावसाळ्यात पाण्याची पातळी त्या बंधाऱ्यापाशी मोजतात. 39 फुटांस इशारा, 43 फुटांस धोका. हा आकडा काय निघतो इकडे नदीकाठच्या कित्येक गावांचे कान लागलेले असतात. 2019 च्या ऑगस्टात आणि पुन्हा 2021 च्या जुलैत पाणी धोक्याच्या खुणेच्या दहा फुटांहून अधिक वर गेले, आणि माणसांना घरेदारे सोडून जावे लागले.

समजा, अशा काठावरच्या मुलास 'पावसाळा' हा विषय दिला. त्याच्या वहीत मोर नाचतो, धरणी हिरवा शालू नेसते, बेडूक गाणे गातात, आणि पाऊस सर्वांना फार फार आवडतो. त्याच्या घरात गुडघाभर चिखल साचला होता, आई धान्याचे डबे माळ्यावर चढवीत होती, शेजारची म्हैस दावे कापून सोडून द्यावी लागली, ह्यांपैकी एक अक्षरही त्या वहीत नाही. अक्षर मात्र वळणदार, शुद्धलेखन निर्दोष. गुरुजी दहांपैकी नऊ गुण देतात, आणि घरी सर्वांस आनंद होतो.

बंधाऱ्यावर पातळी पाहणारा मनुष्य जर गेल्या वर्षीचा आकडा सुरेख अक्षरात लिहून देऊ लागला, तर आपण त्यास काय म्हणू?

तरी मुलास दोष देण्याची आम्ही घाई करीत नाही. लहानाने गिरवावे, पाहून लिहावे, हे योग्यच आहे. दुसऱ्याच्या अक्षरावर हात फिरविल्याविना कोणाचा हात वळला आहे? पण अकरा-बारा वर्षांच्या सुमारास मुलाच्या मनात 'मी पाहिले', 'मला वाटते' हे शब्द उभे राहू लागतात. त्या वयातही जो शिक्षक केवळ उताऱ्यासच शाबासकी देतो, तो न बोलता एक धडा शिकवितो, तो असा की, लेखणी ही जे आहे ते सांगण्यासाठी नसून समोरच्यास आवडेल ते सांगण्यासाठी आहे. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा आपण त्याच मुलाकडून शब्बाथ शाळेत पाठ करून घेतो. मग त्या खोटेपणाचा वाटा कोणाकडे अधिक जातो, हे निराळे सांगावयास नको.

वाचनाचेही तेच. रथात बसून यशयाचे पुस्तक वाचणाऱ्या हबशी अधिकाऱ्यास फिलिप्पाने पहिली गोष्ट विचारली ती ही की, वाचता ते समजते काय? तो मनुष्य प्रामाणिक होता. सांगणारा नसता मला कसे समजेल, असे तो म्हणाला. आमची मुले हे म्हणावयास भितात, कारण समजले नाही असे म्हणणे त्यांस अपराधासारखे वाटते. 2023 साली 'असर' ह्या पाहणीत 26 राज्यांतील 28 जिल्ह्यांत 14 ते 18 वयाच्या ग्रामीण मुलामुलींची परीक्षा घेतली, तेव्हा सुमारे चौथा हिस्सा आपल्या प्रांताच्या भाषेतील दुसरीच्या पुस्तकाचा उताराही सुरळीत वाचू शकला नाही. हे दुःखाचे आहेच. परंतु जे सुरळीत वाचतात आणि अर्थ विचारताच खाली पाहतात, त्यांची गणती ह्या आकड्यात नाही.

शाहू महाराजांनी 1917 साली करवीर राज्यात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, आणि मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेविला. हुकुमाने मूल बाकावर येऊन बसते, आणि तेवढ्यासाठीही आपण त्या राजाचे ऋणी आहोत. मुलाच्या तोंडी त्याचा स्वतःचा शब्द मात्र हुकुमाने येत नाही.

तो येऊ शकतो ह्यास पुरावा जुना आहे. अमेरिकन मिशनने अहमदनगरास 1842 साली सुरू केलेल्या 'ज्ञानोदय' पत्रात 1855 साली एक निबंध छापला गेला. लिहिणारी मुक्ताबाई ही पुण्यातील जोतिराव फुले यांच्या शाळेत शिकणारी मांग जातीची मुलगी होती. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिले. तिच्याकरिता नमुना कोठून असणार? तिच्या लोकांचे दुःख त्यांच्याच मुलीने लिहिलेले कोणत्याही पुस्तकात नव्हते. जे सोसलेले होते तेच तिने मांडले, आणि म्हणून आज पावणेदोनशे वर्षांनंतरही लोक तिचा निबंध शोधून वाचतात.

येथे एक आक्षेप आहे, आणि तो खरा आहे. स्वतःच्या वाक्यांत लिहिणाऱ्याच्या चुका अधिक होतात, आणि गुण कमी पडतात. गरिबाच्या मुलास गुणांचा आधार सोडावयास सांगणे, हे पोट भरलेल्याने उपाशास उपवास शिकविण्यासारखे नव्हे काय? आम्ही म्हणतो, होय, तसेच आहे. म्हणून ही किंमत मुलाकडून मागू नये, ती शिकविणाऱ्याने द्यावी. दोन वह्या समोर असता, ज्या वहीत दहा चुका आहेत पण मूल स्वतः बोलत आहे, तिला अधिक मान देण्याचे धैर्य त्याने दाखवावे, पालक विचारावयास आले तरी.

हे काम शब्बाथ शाळेतही होण्याजोगे आहे, आणि त्यास पैसा लागत नाही. एक लहान शास्त्रभाग मुलांकडून वाचून घ्यावा, पुस्तक मिटावे, आणि त्यात काय घडले ते पाच वाक्यांत लिहावयास सांगावे. नंतर सहावे वाक्य मुलाने स्वतःचे लिहावे, समजले नसेल तर काय समजले नाही तेच लिहावे. तांबडी शाई त्या दिवशी बाजूस ठेवावी. दुसऱ्या दिवशी मुलास जवळ बसवून, त्याचे वाक्य त्याच्याच तोंडून वाचवून, मग ऱ्हस्व-दीर्घ सुधारावेत. दहा मुलांच्या वह्या अशा पाहावयास आठवड्यातील दोन संध्याकाळी जातील, आणि पहिले काही आठवडे सहाव्या ओळीची जागा कोरीच राहील. ती कोरी जागा गुरुजींनी आपल्या हाताने भरू नये.