कचरा व्हायच्या आधी

विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या रांगेच्या तोंडाशी एक डबा असतो. परदेशी निघालेले प्रवासी त्यात पाण्याच्या बाटल्या टाकत पुढे सरकतात. काही अर्ध्या, काही झाकणही न उघडलेल्या. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून निघणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीला आला. त्यानंतर हातातल्या सामानात १०० मिलिलिटरहून मोठी बाटली चालेनाशी झाली. नियमामागचं कारण खरंच आहे, पण त्या डब्यात काय होतं तेही बघायला हवं. लिटरभर पाण्याची बाटली किलोभर भरते. पाणी ओतून टाकलं तर उरतं ते मोजके ग्रॅम. न ओतता टाकलेल्या बाटल्यांची पिशवी सफाई कामगाराला दोन्ही हातांनी ओढावी लागते. त्यात एखादं झाकण सैल असलं, तर रद्दीत जाऊ शकणाऱ्या कागद-पुठ्ठ्याचा लगदा होतो. अमेरिकेत पोर्टलंडच्या विमानतळाने यावर साधा उपाय केला. रांगेआधीच पाणी ओतायची सोय करून दिली. बाटली रिकामी करा, सोबत न्या आणि तपासणी झाली की पलीकडच्या नळावर भरून घ्या.

शहरात कुठून काय येतं आणि कुठल्या कोपऱ्यात पडतं, याचा पत्ता लागत नाही. विमानतळाला मात्र मोजकी दारं आहेत आणि आतल्या प्रत्येक दुकानाशी लेखी करार झालेला असतो. कप कसला, चमचा कसला, पिशवी द्यायची की नाही, हे सगळं त्या करारात घालता येतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळाने २० ऑगस्ट २०१९ पासून एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीतलं पाणी विकायलाच बंदी केली. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. एका खांद्याला बॅग, कडेवर मूल आणि डोळे फलकावरच्या वेळेकडे, अशा माणसाने तीन रंगांच्या डब्यांपुढे थांबून विचार करावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. विचार आधी करायचा तो विमानतळाने.

विमानातून उतरणारा कचरा याहून अवघड. २००१ साली ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकताची साथ आली. डुकरांना नीट न उकळलेलं खरकटं घातल्याने ती सुरू झाली असावी, असा चौकशीचा निष्कर्ष होता. ६० लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली. अशाच धास्तीमुळे परदेशातून आलेल्या विमानातलं उरलंसुरलं अन्न आणि त्याला लागलेली वेष्टनं अनेक देशांत जाळावी किंवा खोल पुरावी लागतात. हात न लागलेलं जेवणही त्याच वाटेने जातं. रोगराईचा प्रश्न असल्यामुळे हा नियम सहजासहजी सैल करता येणार नाही. मग उरतं एवढंच, की लागणार नाही ते विमानात चढवूच नये. जपान एअरलाइन्सच्या आंतरराष्ट्रीय प्रवासात जेवण नको असेल तर तसं आधीच कळवता येतं. पंगतीत वाढपी येण्याआधी पानावर आडवा हात धरावा, तसंच हे. रात्रीच्या विमानात बसल्याबसल्या झोपी जाणारे कितीतरी असतात. त्यांना तिकीट काढतानाच हे विचारायला काय हरकत आहे? सगळ्याच कंपन्यांनी विचारावं.

या सगळ्या चर्चेत एक माणूस हमखास राहून जातो, तो म्हणजे पिशवी उघडून हाताने वेगळं करणारा. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, ती अशाच कष्टकऱ्यांची. त्यात बहुतेक बायका. कुठल्या मालाला भाव आहे आणि कुठला फुकटसुद्धा कोणी नेणार नाही, हे त्या हाताळून सांगतात. चहा-कॉफीचा कप दिसायला कागदी, पण आतून प्लॅस्टिकचा पातळ थर. तो बहुतेक भंगारवाल्यांना नको असतो. अन्न चिकटलेली पातळ वेष्टनं तर कोणालाच नको असतात. दुकानांशी नवा करार करायची वेळ येते, तेव्हा सल्लागार येतात, आराखडे येतात. त्या बैठकीत या कामातल्या दोन-तीन जणींना मानधन देऊन बोलवावं, आतली दुकानं वापरणार असलेला प्रत्येक कप आणि डबा त्यांच्यापुढे ठेवावा, आणि त्या ज्याला नाही म्हणतील तो विमानतळाच्या दारातून आत येऊ देऊ नये.