थंडी मोजणारं झाड

जानेवारीतली पहाट आहे आणि तुम्ही खानदेशातल्या सोनगीरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी बसला आहात, असं धरून चला. अंगावर शाल घ्या. गावात तांब्या-पितळेच्या भांड्यांवरचे ठोके अजून सुरू व्हायचे आहेत. महामार्गावरचे ट्रक तेवढे ऐकू येतात. नाकाच्या शेंड्याला थंडी झोंबतेय, झोंबू द्या.

या थंडीतच चेरीचं एक झाड मनात उभं करा. पानं झडलेली. साल तांबूस, चकचकीत, तिच्यावर आडव्या रेघा. फांदीवर कळ्यांचे झुबके. या कळ्या मागच्या उन्हाळ्यातच धरल्या आहेत. त्यातल्या एकीपाशी थांबा. आत फूल आहे, तरी ती उमलत नाही.

ती थंडीचे तास मोजतेय. पारा साधारण सात अंशांच्या खाली असेल असे तास. गोड चेरीच्या बऱ्याच जातींना ते ७०० ते १२०० लागतात. काश्मिरात, शिमल्याच्या पुढे नारकंडा-कोटगडला ते भरतात. हिशेब पुरा होण्याआधी एखादा उबदार दिवस आला तरी कळी भुलत नाही. भुलली तर पुढच्या हिमात फूल करपेल. हिशेब पुरा झाला की मात्र तिला ऊबच हवी. आपण जिला कडाका म्हणतो, ती तिची गरज आहे. यावर थोडं रेंगाळा.

आता ऊन वर आलं. शाल काढावीशी वाटते ना? चेरीचं गणित इथेच फसतं. आपली पहाट बोचरी खरी, पण दुपारी पारा तिशीकडे जातो आणि रात्री जमलेल्या थंडीतला काही हिस्सा पुसून टाकतो. इथे कळ्या मागेपुढे, अर्धवट फुटतील; उरलंसुरलं मे महिन्याचं ऊन पाहून घेईल. (बेकरीतल्या केकवरची लालभडक चेरी पुष्कळदा पाकात मुरवून रंगवलेलं करवंद असतं. हळहळू नका, करवंद आपलंच आहे.)

आता जवळच्या कडुनिंबाकडे वळा. त्याला थंडीचा हिशेब नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो पानं गाळतो आणि पाऊस तीन महिने लांब असताना, खोल मुळांच्या भरवशावर, तांबूस पालवी काढतो. पाडव्याला आपण तीच कोवळी पानं खातो. ते एक पान मनातल्या मनात चावा. कडू लागेल, लगेच गिळू नका. चेरी अमुक इतकं सोसल्याशिवाय उठत नाही, निंब सोसता सोसताच उठतो. मला विचाराल तर खानदेशाला निंबाचीच रीत शोभते.

जून-जुलैत निंबोळ्या पिकून खाली पडतील. त्या वेचा, गर काढून बी धुवा आणि लगेच पेरा. ठेवून देऊ नका. निंबोळीची उगवणशक्ती थोड्याच आठवड्यांत ओसरते.