भलत्या वेळी आलेला निरोप

१९६० साली अमेरिकेत रॉबर्ट गॉर्लिन आणि रॉबर्ट गोल्ट्झ या दोघांनी एका विचित्र आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. गॉर्लिन शिक्षणाने दंतवैद्य, गोल्ट्झ त्वचारोगतज्ज्ञ. पण काही रुग्ण असे होते की त्यांना या दोघांचीही गरज पडत होती. त्यांच्या त्वचेवर ऐन तरुणपणी बेसल सेल कर्करोगाच्या गाठीमागून गाठी उठत, जबड्याच्या हाडात पोकळ सिस्ट होत आणि छातीचा एक्स-रे काढला की एखादी बरगडी टोकाशी दुभंगलेली दिसे. आजार घराण्यात चालत येई.

यातली बरगडी मला सर्वांत बोलकी वाटते. बरगडी आईच्या पोटात घडते. तिचा आकार जन्माच्या कितीतरी आधी ठरून गेलेला असतो. त्वचेचा कर्करोग येतो तो विशी-तिशीत, उन्हाने त्वचा भाजून निघाल्यावर. एक घडतानाची चूक, दुसरी घडून झाल्यावरची. मग दोन्ही एकाच माणसात, एकाच घराण्यात का? वैद्यकाने तोवर या दोन गोष्टी दोन वेगळ्या खात्यांत टाकल्या होत्या. जन्मजात व्यंग म्हणजे दैवाचा घाला आणि कर्करोग म्हणजे बाहेरून चाल करून आलेला शत्रू, ही आपल्याही मनातली वाटणी आहे. गॉर्लिनच्या रुग्णांनी ती मोडीत काढली. पण कशी, हे कळायला छत्तीस वर्षं जावी लागली.

उत्तराचा एक धागा आयडाहोच्या डोंगराळ कुरणांत होता. १९५०च्या दशकात तिथल्या मेंढपाळांच्या कळपांत भयानक कोकरं जन्माला येऊ लागली. कपाळाच्या मध्यावर एकच डोळा, मेंदूचे दोन अर्धगोल वेगळेच झालेले नाहीत. संशय आधी अर्थातच वंशावर गेला. अमेरिकेच्या कृषी खात्याचे शास्त्रज्ञ कामाला लागले. त्यांच्यातला लिन जेम्स तर उन्हाळेच्या उन्हाळे कळपांबरोबर राहिला आणि मेंढ्या कुठे चरतात, काय खातात ते पाहत राहिला. दोष निघाला एका रानझाडात. व्हेराट्रम कॅलिफॉर्निकम, तिकडच्या बोलीत कॉर्न लिली. गाभण मेंढीने ते साधारण चौदाव्या दिवशी खाल्लं तर कोकरू एकाक्ष होई. आधी किंवा नंतर खाल्लं तर हे व्यंग होत नसे. स्वतः मेंढीला तर काहीच होत नसे. ती खुशाल चरत राही. त्या झाडातलं विष पुढे वेगळं काढलं गेलं आणि ग्रीक कथांतल्या एकाक्ष राक्षसावरून त्याला ‘सायक्लोपामिन’ हे नाव मिळालं. ते पेशीत नेमकं काय करतं, याचा पत्ता मात्र कुणालाच नव्हता. माहिती नोंदली गेली आणि तीस वर्षं पडून राहिली.

दुसरा धागा जर्मनीतल्या हायडेलबर्गला. क्रिस्टियाने न्युस्लाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस हे दोन तरुण संशोधक फळमाशीच्या अळ्या तपासत होते. पिकल्या केळ्यावर घोंगावतं तेच हे चिलट. जनुकांत मुद्दाम बिघाड घडवायचा आणि अळीचं काय होतं ते पाहायचं, इतकी साधी युक्ती. दोघं एकाच सूक्ष्मदर्शकाच्या दोन बाजूंना बसत आणि एकच अळी एकाच वेळी पाहत, म्हणजे ‘तुला दिसलं ते मला दिसलं नाही’ हा वाद उरत नसे. अशा हजारो वाणांतून त्यांनी शरीराचे खंड पाडणारी जनुकं वेचून काढली आणि १९८०मध्ये ‘नेचर’मध्ये तो निबंध आला. त्यातल्या एका जनुकात बिघाड झाला की अळीच्या प्रत्येक खंडाचा गुळगुळीत भाग नाहीसा होई आणि सगळं अंग बारीक काट्यांनी भरून जाई. म्हणून त्या जनुकाचं नाव पडलं ‘हेजहॉग’. साळिंदराहून पुष्कळ लहान, अंगभर काटे असलेला तो प्राणी. या कामाला १९९५चं नोबेल मिळालं. काम चालू असताना मात्र त्यात कर्करोगाचा शब्दही नव्हता.

तिसरा धागा कोंबडीच्या पिलाच्या पंखात होता. १९६८मध्ये जॉन साँडर्स आणि मेरी गॅसलिंग यांनी अंड्यातल्या भ्रूणाच्या पंखाच्या कोंबातला मागचा तुकडा काढून पुढच्या बाजूला लावला. आरशात दिसावीत तशी बोटांची उलटी जोड तिथे उगवली. म्हणजे त्या तुकड्यातून काहीतरी झिरपत होतं, आणि आपण त्याच्यापासून किती दूर आहोत यावरून पेशी कोणतं बोट व्हायचं ते ठरवत होत्या.

१९९३मध्ये हे ‘काहीतरी’ सापडलं. माशीच्या हेजहॉगचे भाऊबंद कोंबडीत, उंदरात, माणसातही निघाले. सस्तन प्राण्यांत ते तीन आहेत. दोघांना हेजहॉगच्याच जातींवरून ‘इंडियन’ आणि ‘डेझर्ट’ म्हटलं गेलं. तिसऱ्याला, म्हणजे पंखाच्या कोंबातून झिरपणाऱ्या त्या पदार्थाला, प्रयोगशाळेतल्या एका तरुणाने व्हिडिओ गेममधल्या निळ्या पात्राचं नाव दिलं, ‘सोनिक हेजहॉग’. प्रयोगशाळेत हा विनोद खपून गेला. पण ज्यांच्या बाळाचा मेंदू दुभागलाच नाही त्या आईबापांना हे नाव उच्चारून निदान सांगायची वेळ डॉक्टरांवर आली, तेव्हा त्यातलं हसू पार आटलं.

कारण १९९६मध्ये दोन गोष्टी एकदम दिसल्या. सोनिक काढून टाकलेले उंदीर एकाक्ष निपजले. आणि मेंदूचे अर्धगोल वेगळे न होण्याच्या मानवी व्यंगाच्या काही घराण्यांत हेच जनुक बिघडलेलं आढळलं. आपले दोन डोळे सुरुवातीला दोन नसतातच. भ्रूणाच्या पुढच्या टोकाला डोळे घडवणारा पेशींचा एकच पट्टा असतो. त्याच्या मध्याखालून सोनिकचा निरोप येतो: मधल्या पेशींनी डोळा होऊ नये. मधला भाग माघार घेतो, डावी-उजवी बाजू उरते. निरोप आला नाही तर माघार नाही आणि डोळा एकच. १९९८मध्ये फिलिप बीची आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की सायक्लोपामिन हाच निरोप पेशीला ऐकू येऊ देत नाही. आयडाहोची कोकरं आणि हायडेलबर्गच्या अळ्या एकाच कागदावर आल्या.

हा निरोप पोचतो कसा, ते थोडं नीट पाहायला हवं, कारण सगळी मेख तिथे आहे. पेशीच्या कातडीवर ‘पॅच्ड’ नावाचं प्रथिन असतं. त्याचं काम एकच, ‘स्मूदन्ड’ या दुसऱ्या प्रथिनाला गप्प बसवणं. हेजहॉग येऊन पॅच्डला चिकटला की पॅच्डची पकड सुटते, स्मूदन्ड मोकळं होतं आणि पेशीच्या केंद्रातल्या ‘ग्ली’ प्रथिनांकरवी जनुकं जागी होतात: वाढ, विभाग, अमुक हो, तमुक होऊ नकोस. म्हणजे हेजहॉग स्वतः हुकूम देत नाही, अडवणाऱ्याला अडवतो. यातल्या ‘ग्ली’चं नाव पडलं ते ग्लायोमा या मेंदूच्या गाठीवरून, कारण ते १९८७मध्ये तिथेच प्रथम सापडलं होतं. कर्करोगवाल्यांनी शोधलेली वस्तू आणि गर्भवाल्यांनी शोधलेली वस्तू एकाच साखळीच्या कड्या निघाल्या.

आता गॉर्लिनच्या रुग्णांकडे वळू. १९९६मध्येच कळलं, की त्यांच्यात पॅच्डच्या दोन प्रतींपैकी एक जन्मतःच निकामी असते. गर्भात अडवणारा अर्ध्या बळाचा, म्हणून बरगड्या आणि जबडा थोडे चुकतात. उरलेल्या एका प्रतीवर शरीर चालत राहतं. मग कधीतरी उन्हातले अतिनील किरण त्वचेच्या एखाद्या पेशीतली ती दुसरी प्रतही मोडतात. त्या पेशीला आता निरोप न येताही आल्यासारखा वाटतो. ती गर्भातल्यासारखी वाढू लागते, पण भोवताली गर्भ नसतो. गॉर्लिन आजार नसलेल्या लोकांतले बहुतेक बेसल सेल कर्करोगही याच साखळीच्या बिघाडातून होतात. गोऱ्या कातडीच्या लोकांत हा सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग. आपल्या सावळ्या त्वचेला मेलॅनिनमुळे तो क्वचित होतो.

तेव्हा ‘कर्करोगाचं जनुक’ ही कल्पनाच मला फसवी वाटते. गर्भात दोन डोळे करणारं, पाच बोटं मोजणारं, वरचेवर केस उगवायला लावणारं जनुक तेच आणि भलत्या वेळी बोलत राहिलं तर गाठ करणारंही तेच. उलट बाजूही तशीच आहे. सोनिकचा एकच बिघाड असलेल्या एकाच घरात एका बाळाचा मेंदू मुळीच दुभागत नाही आणि दुसऱ्या कुणाला वरच्या दातांत मधोमध एकच पटाशीचा दात असतो, बाकी सगळं ठीक. जनुकावरून भविष्य वर्तवणाऱ्यांनी या घरांकडे जरूर पाहावं.

औषधांनी हीच गोष्ट जास्त कठोरपणे सांगितली. स्मूदन्डला जखडून ठेवणाऱ्या ‘विस्मोडेगिब’ला जानेवारी २०१२मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या बेसल सेल कर्करोगात ते उपयोगी पडतं. पण रुग्णांचे केस गळतात, जिभेची चव जाते, स्नायूंना पेटके येतात. केसांची मुळं आणि जिभेवरचे रुचिकोश आयुष्यभर नवे होत राहतात आणि त्यांना तोच निरोप लागतो. दुष्परिणाम म्हणून आपण बाजूला काढतो तो औषधाचाच परिणाम आहे, फक्त दुसऱ्या ठिकाणचा. लहान मुलांना मेड्युलोब्लास्टोमा या मेंदूच्या गाठीसाठी हे औषध दिलं, तेव्हा काहींच्या हाडांच्या टोकांचे वाढीचे थर अकाली मिटले आणि उंची खुंटली. तिथे इंडियन हेजहॉगचं काम चालू होतं. गर्भाचं काय होईल याचा इशारा तर या औषधावर ठळक चौकटीत छापलेला असतो.

त्याच जानेवारीत आणखी एक बातमी आली. सायक्लोपामिनपासूनच बनवलेल्या एका औषधाची स्वादुपिंडाच्या कर्करोगावरची चाचणी थांबवावी लागली, कारण औषध घेणारे रुग्ण न घेणाऱ्यांपेक्षा लवकर दगावत होते. दोन वर्षांनी उंदरांतल्या प्रयोगांतून कारण उमगू लागलं. स्वादुपिंडाच्या गाठीभोवतीच्या पेशींना हेजहॉगचा निरोप जातो आणि त्या पेशी गाठीला काही अंशी आवरून धरतात. निरोप बंद केला की आवरणारेच नाहीसे. त्वचेत जो निरोप तोडायला हवा, तोच स्वादुपिंडात राखायला हवा. शत्रू मानून सरसकट घाव घालण्याच्या वृत्तीला याहून स्पष्ट उत्तर मिळणार नाही.

या सगळ्यात वेळेचा मुद्दा आपल्या घरांशी थेट भिडतो. गरोदर बाईने ग्रहणात विळी धरू नये, भाजी चिरू नये, नाहीतर मुलाचा ओठ फाटतो, असं अजूनही कितीतरी घरांत सांगितलं जातं. सातव्या महिन्यातल्या बाईला त्यासाठी तासन्‌तास बसवून ठेवतात. पण वरचा ओठ गर्भाच्या दुसऱ्या महिन्यातच जुळून झालेला असतो. सातव्या महिन्यात कुठलंही ग्रहण, कुठलीही विळी तो फाडू शकत नाही. तरी बाळ दुभंगलेल्या ओठाचं जन्मलं, की ती भाजी चिरत होती हे सासरच्या कुणालातरी आठवतंच. आयडाहोच्या मेंढपाळांनी वंशाला दोष दिला. आपण आईला देतो.

गर्भाच्या घडणीत नाजूक काळ असतो यात वाद नाही. फक्त तो आपण पाळतो त्याच्या फार आधी येऊन जातो. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात ती गर्भधारणेपासून साधारण २८ दिवसांत मिटते. पाळी चुकून तेव्हा जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. पुष्कळ जणींनी तपासणीही केलेली नसते. ही नळी नीट न मिटल्याने होणारी व्यंगं फॉलिक अ‍ॅसिडने पुष्कळ टळतात. ज्या स्त्रियांना आधी असं बाळ झालं होतं, त्यांच्यावर १९९१मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीत ती पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. आपल्याकडे मात्र ही गोळी बहुधा ‘गोड बातमी’ डॉक्टरांना सांगितल्यानंतर, म्हणजे नळी मिटून गेल्यावर सुरू होते. ज्यांच्या घरात मूल हवं असा विचार चालू आहे, त्यांनी ग्रहणाचं पंचांग पाहण्याऐवजी डॉक्टरांना आताच भेटावं. रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड गर्भधारणेच्या निदान एक महिना आधी सुरू करायचं असतं. आधी असं बाळ झालं असेल तर मात्रा याहून बरीच जास्त लागते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची असते.