परक्यापुढे मांडलेले राष्ट्र

तुमचे राष्ट्र कसे आहे, असे परक्याने विचारिले असता काय सांगावे? जपानातील एका सद्गृहस्थांवर हा प्रसंग आला होता. त्याची हकीकत आम्ही वाचकांपुढे ठेवितो.

इनाझो नितोबे हे १८६२ साली सामुराई, म्हणजे तरवार बाळगणाऱ्या मानकऱ्यांच्या, घराण्यात जन्मले व पुढे ख्रिस्ती झाले. बेल्जममधील एका वृद्ध कायदेपंडिताकडे ते पाहुणे असता, तुमच्या शाळांत धर्मशिक्षण नाही तर मुलांस नीती कशी शिकविता, असे यजमानाने आश्चर्याने विचारिले. त्या वेळी त्यांस उत्तर सुचले नाही. १९०० साली अमेरिकेत छापलेल्या ‘बुशिदो’ ह्या इंग्रजी पुस्तकात ते त्यांनी दिले: सामुराईंची निष्ठा, शौर्य व अब्रूची चाड हाच जपानचा आत्मा होय. थिओडोर रूझवेल्ट यांस ते इतके आवडले की, त्यांनी स्नेह्यांस त्याच्या प्रती वाटिल्या.

उत्तर खोटे नव्हते, पण त्यात सारे घर मावले नव्हते. सामुराई शेकडा दहासुद्धा नव्हते. बहुतेक प्रजा शेतकरी. हिदेयोशी ह्या सत्ताधीशाने १५८८ साली शेतकऱ्यांच्या तरवारी काढून घेण्याचा हुकूम केला होता. चिखलात वाकून भात लावणाऱ्या ह्या लोकांसही नीती होतीच. पाटाचे पाणी वाटून घ्यावे, एकमेकांच्या लावणीस जावे, ही काय लहान नीती झाली? तिजविषयी परक्यास कोणी फारसे सांगितले नाही. पाहुणा आला म्हणजे आपण ठेवणीतली सतरंजी अंथरितो. त्यात कपट नसते. मात्र रोज आपण तिच्यावरच बसत होतो असे घरच्यांस वाटू लागले, म्हणजे कठीण!

जपानात तसेच झाले. १९०८ साली ‘बुशिदो’चे जपानी भाषांतर निघाले, आणि स्वदेशातील इतर पंडितही त्या नावाचा घोष करीत होतेच. जपानात बरीच वर्षे अध्यापन केलेल्या चेंबरलेन नामक इंग्रज विद्वानाने १९१२ साली लिहिले की, हा धर्म पुरातन नव्हे, नुकताच घडविलेला आहे. ऐकतो कोण? १८७३ च्या कायद्याने शेतकऱ्यांचे मुलगे सक्तीने सैन्यात जात होते. ज्यांच्या पूर्वजांच्या तरवारी सरकारजमा झाल्या, त्यांस आता सामुराईसारखे मरणे हा तुमचा वडिलोपार्जित वारसा, असे शिकविण्यात आले. जिवंतपणी कैदी होऊ नये, असे १९४१ च्या लष्करी आज्ञापत्राने त्यांस बजाविले.

परदेशांतही तेच चित्र उलटले. १९०५ साली जपानने रशियास जिंकिले तेव्हा ज्याचे कौतुक झाले, त्याचीच १९४१ नंतर धास्ती वाटू लागली. १९४२ साली अमेरिकेने लाखावर जपानी वंशाच्या लोकांस छावण्यांत कोंडिले. त्यास इतरही कारणे होती. पण त्यांत किती माळी, किती शेतकरी होते! आम्हांस वाटते, परक्यास उत्तर देताना घरातले कोण गळाले हे सांगणाऱ्याने पाहावे, कारण त्या उत्तराची किंमत पुष्कळदा गळालेल्यांकडूनच वसूल होते.

नितोबे यांनी हे इच्छिले नव्हते. १९३२ साली त्यांनी लष्करशाहीवर टीका केली, तेव्हा स्वदेशात त्यांस धमक्या आल्या. त्याच वर्षी अमेरिकेत जाऊन त्यांनी मांचुरियाविषयी जपानची बाजू मांडिली, तेव्हा तेथील लोक रुष्ट झाले. १९३३ साली कॅनडात ते वारले.