किती वेळ, किती वेळा

सकाळी सहाला दूध तापत ठेवलं. पिशवी फ्रीजमधली, त्यामुळे वेळ लागणारच. इमानाने शेगडीशी उभी राहिले. कडेने बुडबुडे धरू लागले, साय थरथरायला लागली आणि तेवढ्यात बेल वाजली. पेपरवाला महिन्याचं बिल घेऊन आला होता. सुटे देऊन वळते तर ओटाभर दूध. सासूबाई आतून म्हणाल्या, "इतका वेळ उभी होतीस ना गं? नेमकी वेळ चुकली."

फडकं हातात घेतलं आणि लक्षात आलं, सासूबाई एका दमात दोन शब्द बोलल्या. 'इतका वेळ' तो, 'नेमकी वेळ' ती.

इंग्रजीत हे दोन्ही एकाच 'टाइम'मध्ये कोंबावे लागले असते. 2006 साली ऑक्सफर्डच्या कोशकारांनी प्रचंड मजकूर चाळून इंग्रजीत सर्वाधिक वापरलं जाणारं नाम शोधलं, तेही 'टाइम'च निघालं. निघणारच. किती वाजले विचारायला टाइम, सवड आहे का विचारायला टाइम, पहिली खेप म्हणजे फर्स्ट टाइम, पाढ्यात दोन टाइम्स तीन, आणि तुरुंगात खडी फोडणाराही तिकडे टाइमच करत असतो. एवढी कामं एकाच गड्याकडून करून घ्यायची म्हणजे कमालच.

हा शब्द ग्रीकमध्ये न्यायचा तर भाषांतरकाराला आधी विचारावं लागतं, कुठला टाइम? आजच्या अथेन्समध्ये घड्याळातली वेळ म्हणजे 'ओरा', खेप म्हणजे 'फोरा', सरत राहतो तो 'ख्रोनोस'. ख्रोनोस म्हणजे वर्षही. वाढदिवसाला तिथे 'ख्रोनिया पोला' म्हणतात, पुष्कळ वर्षं लाभोत. आणि चौथा 'केरोस'. जुन्या ग्रीकमधला हा कैरोस म्हणजे नेमका, साधायचा क्षण. आज मात्र या शब्दाचा पहिला अर्थ हवापाणी. केरोस कसा आहे विचारलं की उत्तर येतं, ऊन पडलंय. मला यात नवल वाटलं, पण आमच्या गावाकडच्या काकांना वाटलं नसतं. पाऊस पडून गेल्यावर ते बांधावरून मूठभर माती उचलून दाबून बघायचे आणि म्हणायचे, अजून वापसा नाही. वापसा म्हणजे ओल की मुहूर्त, हे त्यांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी विचारणाऱ्याकडेच टक लावून पाहिलं असतं.

ओराची गोष्ट तर थेट आपल्या पंचांगात येते. तिचं जुनं रूप 'होरा'. इंग्रजीतला 'अवर' तिच्यातूनच आला आणि आपण शुभ-अशुभ बघतो तो होराही. वराहमिहिराच्या बृहज्जातकात 'अहोरात्र'मधलं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळून होरा झाल्याचं काहींचं मत नोंदवलंय. व्युत्पत्ती गोड आहे, पण माल ग्रीकांचा.

बायबलातल्या 'उपदेशक' या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात जन्मायची, मरायची, लावायची, उपटायची अशी यादी आहे. 14 जोड्या, म्हणजे 28 कामं. जुन्या ग्रीक भाषांतरात सुरुवातीला एकदा ख्रोनोस येतो आणि मग ओळीने 28 वेळा कैरोसच. 1611 च्या इंग्रजी भाषांतरात त्या 28 जागी टाइमच टाइम. चूक कुणाचीच नाही. इंग्रजी वाचकाने संदर्भावरून ओळखायचं, एवढंच.

या कैरोसचा पुतळाही होता. अलेक्झांडरचा शिल्पकार लिसिपोस याने तो ब्राँझमध्ये घडवला. मूळ पुतळा आता नाही, पण वर्णनं उरली आहेत: पायांना पंख, हातात वस्तरा, कपाळावर केसांची बट आणि मागे साफ टक्कल. समोरून येताना बट धरली तर धरली, पुढे गेल्यावर हाताला काही लागत नाही. आपल्याकडे शेंडी मागे असते. त्यामुळेच की काय, आपल्याला गेलेली वेळही कधीतरी हाती लागेल अशी आशा असते!

चेष्टा सोडा, पण ग्रीकांना ज्या कामाला दोन शब्द लागले ते मराठी नुसत्या लिंगावर भागवते. वेळ जातो, वेळ काढला, वेळ फुकट घालवला, हा ख्रोनोस. वेळ येते, वेळ साधली, थाप मारून वेळ मारून नेली, ही कैरोस. तो मोजायचा तर तास-मिनिटं लागतात, त्याला अनेकवचन नाही. तिला आहे. म्हणून 'किती वेळ' आणि 'किती वेळा' यांत एका कान्याचं अंतर आहे. शाळेत मास्तरांनी लिंग विचारलं की आम्ही 'तो वेळ' लिहायचो, बाकावरची मैत्रीण 'ती वेळ' लिहायची, आणि दोघींपैकी एकीचं उत्तर चूक ठरायचं. वाक्य न देता विचारलेला तो प्रश्नच चूक होता, हे मला आज, पन्नाशी उलटल्यावर, ओट्याशी कळतंय.

अपघातातून कुणी वाचलं की आपण म्हणतो, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. हे इंग्रजीत सांगून बघा. टाइम आला होता पण टाइम आला नव्हता?

सासूबाई बाहेर आल्या. पातेल्यात डोकावून म्हणाल्या, "चहापुरतं उरलंय." मग शेगडीकडे बघून, "हे निघायला आता वेळ लागणार."

हा पुल्लिंगी. बर्नरखालची साय खरवडायला वीस मिनिटं लागली.