धागा का तुटला?

भंडारा जिल्ह्यातील आंधळगाव हे कोशाच्या हातमागाचे गाव. टसरचा धागा सर्वत्र सारख्या जाडीचा नसतो. विणताना तो तुटला की माग थांबवून जोडावा लागतो. माग दिवसात कितीदा थांबला हे यंत्र अचूक मोजील; पण तो का थांबला? कोसा निकृष्ट होता, विणकराची नजर अधू झाली, की घरी कुणी अंथरुणाला खिळले आहे? कामगारांचे नेतृत्व करणाऱ्याची परीक्षा या 'का'पाशी होते.

यंत्राला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. १८०४ साली फ्रान्समधील जॅकार्डने छिद्रांच्या पुठ्ठ्यांनी नक्षी विणणारा माग सिद्ध केला. पुढे संगणकानेही तशीच छिद्रांकित पत्रे वापरली. शिवाय निव्वळ हळवेपणा न्याय्य असतोच असे नाही. आवडत्याला सूट आणि नावडत्याला दंड देणारा मालकही भावनेनेच वागत असतो. त्याचा पक्षपात आकडेच उघडा पाडतात.

मग यंत्रालाच भावना वाचावयास शिकविले तर? चेहऱ्यावरून व आवाजावरून कामगाराची मनःस्थिती ताडू पाहणाऱ्या प्रणाली निघाल्या आहेत. युरोपीय संघाने, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, कामाच्या ठिकाणी त्यांना २ फेब्रुवारी २०२५ पासून मनाई केली. हे उचितच झाले. दुःख ओळखणे निराळे आणि दुःखाला उत्तर देणे निराळे. ओळखण्यास निरीक्षण पुरते. उत्तर देणाऱ्यास आपला वेळ, नफा किंवा अहंकार यांपैकी काही सोडावे लागते. यंत्रापाशी सोडण्याजोगे काहीच नसते.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी स्वतः गिरणीत नोकरी केली होती. १८८४ साली त्यांनी सरकारकडे धाडलेल्या अर्जावर ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. त्या सह्यांच्या संख्येने मागणीला वजन आले, तर थकलेल्या देहांच्या जाणिवेने तिला अर्थ आला. दोहोंचा असा संगम आजही हवा आहे. २०२५ साली पोपपदी आलेल्या चौदाव्या लिओंनी आपल्या नावाचे कारण सांगताना तेराव्या लिओंच्या १८९१ च्या कामगारविषयक परिपत्रकाचे स्मरण केले आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने श्रमाच्या प्रतिष्ठेपुढे उभ्या केलेल्या आव्हानाचाही उल्लेख केला, तो याच अर्थाने.

तेव्हा मोजदाद यंत्राने खुशाल करावी. 'का' हे मात्र माणसाने विचारावे आणि निर्णयाखाली सही अशाच माणसाची असावी, ज्याच्या दारी विणकराला दाद मागता येईल.