पहिल्या आठवड्याची साक्ष

नवा फोन घेतला की चारचौघांत पहिला प्रश्न येतो, "कसा आहे?" उत्तरही ठरलेलं असतं. मस्त चालतो, कॅमेरा तर विचारूच नका, बॅटरी दिवसभर पुरून उरते. हे उत्तर खोटं नसतं. पण ते नेमकं कशाबद्दल असतं, हे कुणी तपासत नाही. माझं म्हणणं असं की, पहिल्या आठवड्यातलं मत नव्या वस्तूबद्दल फार थोडं सांगतं. जुनी वस्तू कोणत्या अवस्थेला पोचली होती, याबद्दल मात्र बरंच सांगतं. तरीही आपली खरेदी, यूट्यूबवरची परीक्षणं, दुकानदाराची शिफारस, सगळे निकाल याच एका साक्षीदाराच्या जबानीवर लागतात.

आमच्या घरात, आणि बहुधा तुमच्याही, फोनची एक उतरंड असते. नवा फोन कमावत्या माणसाकडे येतो, त्याचा जुना आईकडे जातो, आईचा त्याहून जुना एखाद्या काकांकडे किंवा कार्टून बघायला नातवाकडे. माझा मागचा फोन असाच आईकडे गेला. ॲप उघडायला वेळ घेतो, दुपारीच चार्जर मागतो, म्हणून मी त्याच्या नावानं कितीतरी दिवस खडे फोडत होतो. आईनं तो हातात घेतला, व्हॉट्सॲप उघडलं, नातीचा व्हिडिओ लावला आणि म्हणाली, "अरे, हा तर छान पळतोय की! मग बदललास कशाला?" एकच यंत्र आणि एकाच आठवड्यातले दोन निकाल: माझ्या लेखी ते निकामी, तिच्या लेखी झकास. दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नव्हतं. आम्ही फोन मोजत नव्हतोच. आदल्या फोनपासूनचं अंतर मोजत होतो.

आपल्या इंद्रियांची घडणच तशी आहे. लाइपझिग विद्यापीठातल्या एर्न्स्ट वेबर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, हातातल्या वजनात किती भर घातली म्हणजे माणसाला ती जाणवते, याचे प्रयोग केले. भर किती, यापेक्षा ती मूळ वजनाच्या किती प्रमाणात आहे, यावर जाणीव अवलंबून असते, असं त्यांना आढळलं. गुस्ताफ फेख्नर यांनी १८६० च्या ग्रंथात त्याला गणिताची शिस्त दिली. फोनच्या पडद्याला हाच हिशेब लागू पडतो. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होत असेल, तर दोन चित्रांमध्ये सुमारे १६.७ मिलिसेकंद जातात; १२० वेळा होत असेल, तर ८.३. हा फरक मजकूर वरखाली सरकवताना बोटाला कळतो. पुढे १२० वरून १४४ वर गेलं, की वाचतात जेमतेम १.४ मिलिसेकंद. डब्यावर आकडा तेवढ्याच ऐटीत छापलेला असतो, पण हाताला फारसं काही कळत नाही.

त्यातही एक मेख आहे. १२० चा पडदा अंगवळणी पडला, की तो गुळगुळीत वाटणं थांबतं. तो नुसता पडदा होतो. मात्र पुन्हा ६० च्या फोनला हात लावला, की तो अडखळतोय असं लगेच वाटतं. म्हणजे सुख निघून जातं आणि गरज मागे उरते. माणूस सुखाच्या प्रत्येक नव्या पातळीला सरावतो आणि मूळ जागी येतो, असं फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये मांडलं होतं. 'नव्याचे नऊ दिवस' म्हणणाऱ्या आपल्या आज्यांना यात नवल वाटलं नसतं. पण म्हणीत फक्त ओसरणारा उत्साह आहे. उत्साह ओसरल्यावर अंगाला चिकटणारी सवय नाही. बाजार चालतो तो या सवयीवर.

आता जुन्या फोनकडे वळू. तो 'स्लो' होतो म्हणजे नेमकं काय होतं? प्रोसेसर झिजत नाही. झिजते ती बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी जसजशी जुनी होते, तसतशी तिची धारणक्षमता कमी होते आणि अंतर्गत रोध वाढतो. कॅमेरा उघडण्यासारखं जड काम आलं, की व्होल्टेज एकदम खाली येतं आणि फोन बंद पडू शकतो. दुसरीकडे स्टोरेज काठोकाठ भरलेलं असतं. सुप्रभातची फुलं, लग्नांचे तेच ते व्हिडिओ, कधीच न उघडलेल्या पीडीएफ. फ्लॅश मेमरीला नवं लिहायला मोकळी जागा लागते. ती नसेल तर आधी आवराआवर करावी लागते आणि वेग पडतो. नव्या फोनमध्ये बॅटरी ताजी असते आणि जागा रिकामी. आपण ज्याला नव्या पिढीचा वेग म्हणतो, त्यातला मोठा भाग म्हणजे ही ताजी बॅटरी आणि ही रिकामी जागा. दोन्ही गोष्टी जुन्या फोनलाही देता आल्या असत्या.

हा नुसता तर्क नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलनं मान्य केलं की, बॅटरी थकलेल्या काही आयफोनचा वेग सॉफ्टवेअरमधून कमी केला जातो. कारण दिलं ते फोन अचानक बंद पडू नये, हे. तांत्रिकदृष्ट्या ते खरंही होतं. ग्राहकाला मात्र ते सांगितलेलं नव्हतं. गदारोळ झाल्यावर कंपनीनं अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. लोकांनी बॅटऱ्या बदलून घेतल्या आणि त्यांचे फोन पुन्हा पळू लागले. जानेवारी २०१९ मध्ये ॲपलचे सीईओ टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहून कमाईचा अंदाज खाली आणला. आयफोन बदलणाऱ्यांची संख्या अपेक्षेपेक्षा कमी का राहिली, याची जी कारणं त्यांनी दिली, त्यांत स्वस्तात बदलून मिळालेल्या बॅटऱ्या हेही एक होतं. नवा फोन विकत घेताना अनेक जण प्रत्यक्षात एक बॅटरी विकत घेत असतात, याची याहून चांगली कबुली कुठे मिळणार?

पहिलं मत आपोआप घडतं असंही नाही. ते घडवलं जातं. टीव्हीच्या शोरूममध्ये उभं राहून पाहा. प्रत्येक पडदा पूर्ण झळाळीवर, रंग भडक, चित्रं मुद्दाम निवडलेली: पोपट, कापलेली फळं, खोल समुद्र. कित्येक टीव्हींत दुकानासाठी वेगळा 'स्टोअर मोड' असतो, कारण ट्यूबलाइटच्या उजेडात शेजारच्या दहा पडद्यांशी झुंजायचं असतं. घरी संध्याकाळच्या दिव्यात तोच झगमगाट डोळ्यांना टोचतो. घरच्या मोडमध्येही बऱ्याचदा हालचाल गुळगुळीत करणारी सोय आधीच चालू असते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींत चित्रित होतो. ही सोय मधल्या चौकटी स्वतः रचून भरते, आणि मोठ्या पडद्यासाठी केलेला सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसू लागतो. २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनी व्हिडिओ काढून प्रेक्षकांना ती बंद करायची विनंती केली होती. यंत्र डब्यातून निघतं, ते पहिल्या नजरेत भुरळ पाडायच्या तयारीनं. सोबत राहायला लायक करायचं काम घेणाऱ्यावर सोडलेलं असतं.

पहिल्या आठवड्याची साक्ष कौतुकाच्या बाजूनं जशी फसवी, तशी तक्रारीच्या बाजूनंही. "नवा फोन तापतो, बॅटरी टिकत नाही," हे दुसऱ्या दिवशीचं गाऱ्हाणं घ्या. त्या दिवसांत फोन पडद्यामागे वेठबिगारासारखा राबत असतो: हजारो फोटो उतरवून घेणं, त्यांतले चेहरे ओळखून वर्गवारी करणं, सगळी ॲप नव्यानं बसवणं. हे उरकलं, की तो शांत होतो. मग बँकांचं प्रकरण. यूपीआय ॲप सिमकार्डावरून एसएमएस पाठवून फोनची ओळख पटवतं. एसएमएस अडकला, की सगळं पहिल्यापासून. दारात भाजीवाला उभा आणि पैसे पाठवता येत नाहीत, म्हणून फोनला बोल लावला जातो. आणि कीबोर्ड! जुन्याला माझ्या नातेवाइकांची नावं, गावातल्या वाड्या, माझे लाडके शब्दसुद्धा पाठ होते. नवा 'आत्या' लिहायला गेलं की 'आत्मा' सुचवतो. काही आठवड्यांत तोही शिकतो. यातलं काहीच यंत्राच्या गुणदोषांत मोडत नाही. हा घर बदलण्याचा त्रास आहे, घराचा दोष नव्हे.

मग यंत्राचे खरे गुणदोष कुठे दिसतात? पुण्यातल्या तापकीर गल्लीसारख्या ठिकाणी, दुरुस्तीवाल्याच्या काउंटरवर. तिथे फोन तीन वर्षांचा होऊन येतो. कारागीर पाठीमागची काच गरम करतो, सक्शन कप लावून कडेला बारीक फट पाडतो आणि प्लास्टिकची पातळ पट्टी डिंकातून हळूहळू फिरवतो. एका फोनची पाठ दोन मिनिटांत सुटते. दुसऱ्याची काच तडकते आणि गिऱ्हाइकाचा खर्च वाढतो. एखाद्या फोनमध्ये बॅटरीखाली ओढायची पट्टी असते, एखाद्यात ती डिंकानं अशी घट्ट बसवलेली, की उचकटताना वाकण्याची भीती. कुणाचा 'फोल्डर', म्हणजे काचेसकट पडदा, सहज मिळतो, कुणाचा मागवावा लागतो, कुणाचा येतो पण बसवल्यावर फोन 'हा ओरिजनल नाही' अशी सूचना दाखवतो. कोणत्या कंपनीनं गिऱ्हाइकाचा विचार विक्रीनंतरही केला आहे, हे इथे उघडं पडतं. या काउंटरवरचं ज्ञान खरेदीच्या दिवशी आपल्याजवळ नसतं, आणि परीक्षणकर्त्याजवळही नसतं. कारण त्याला फोन आठदहा दिवस वापरून, विक्री सुरू होण्याच्या मुहूर्तावर मत द्यायचं असतं.

हे ज्ञान पहिल्या दिवशी आणता येतं, हे युरोपीय महासंघानं दाखवलं आहे. २० जून २०२५ पासून तिथे नव्यानं बाजारात येणाऱ्या स्मार्टफोनला लेबल लावावं लागतं. एका चार्जिंगमध्ये बॅटरी किती चालते, किती वेळा चार्ज होईपर्यंत ती दम धरते, पडल्यावर फोन किती तग धरतो, दुरुस्तीला किती सोपा आहे, हे सगळं त्यावर असतं. सोबत नियमही आहेत: ८०० चार्जिंगनंतरही बॅटरीत किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे, महत्त्वाचे सुटे भाग विक्री थांबल्यावर सात वर्षं मिळाले पाहिजेत आणि सॉफ्टवेअरच्या सुधारणा किमान पाच वर्षं. आपल्याकडे केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. पाऊल योग्य दिशेचं आहे. पण फ्रिजवर जसे विजेच्या बचतीचे तारे दिसतात, तसे दुरुस्तीचे तारे मोबाइलच्या डब्यावर अजून दिसत नाहीत. ते दिसेपर्यंत गिऱ्हाईक चमक बघूनच निवडणार. जगात २०२२ या एका वर्षात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा निघाला आणि त्यातला चौथा हिस्साही रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद नाही, असं संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात म्हटलं आहे. त्या ढिगात चालू स्थितीत टाकून दिलेली यंत्रंही आहेतच.

यावर कुणी म्हणेल, नव्या वस्तूच्या आनंदालाही तुम्ही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणार का? मुळीच नाही. दसऱ्याला लॅपटॉपला झेंडूचं फूल वाहणाऱ्या घरात मीही वाढलो आहे. हौस ही हौस म्हणून रास्त आहे. तिला पुरावा म्हणून सादर केलं, की घोटाळा होतो. शिवाय काही बदल खरेच असतात आणि वर्षानंतरही खरे राहतात. लॅपटॉपमधली फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी बसवणं हे त्यातलं ठळक उदाहरण. तबकडी मिनिटाला ५,४०० वेळा फिरते, म्हणजे हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी पाचसहा मिलिसेकंद. टोक हलायचा वेळ वेगळा. एसएसडीला हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास जमतं. विशेष म्हणजे त्यासाठी लॅपटॉप बदलावा लागत नाही. उलट धडधाकट संगणक निव्वळ नियमानं म्हातारे ठरतात, असंही होतं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला सुरक्षेची ठरावीक चिप व ठरावीक पिढीपुढचे प्रोसेसर लागतात. तिथे नवं घेणं भाग पडलं, तर दोष हौसेचा नाही. पण ती गरज पहिल्या आठवड्याच्या झगमगाटातून कळत नाही. ती कॅलेंडरवर आधीच लिहिलेली असते.

तेव्हा तुलना न्याय्य व्हायची, तर दोन्ही बाजूंना सारखं उभं करावं लागेल. नवं घ्यायचं मनात आलं, की आधी जुन्याची बॅटरी बदलावी, फोटो दुसरीकडे हलवून त्याला एकदा पूर्ण रिकामं करावं आणि मग तो अपुरा पडतो का, ते बघावं. अपुरा पडला, तर खुशाल घ्यावं. तेव्हा आपल्याला हवं काय, हेही नेमकं माहीत असेल. दुकानात कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलऐवजी तीन गोष्टी विचाराव्यात: सॉफ्टवेअर किती वर्षं मिळणार, बॅटरी केवढ्याला बदलून मिळते, आणि आपल्या गावात ती कोण बदलून देतो. सेल्समन गोंधळेल, आणि असे प्रश्न करणारं गिऱ्हाईक किरकिरं ठरेल. ठरू दे. ज्या प्रश्नांची उत्तरं न दिल्यानं विक्री थांबत नाही, त्या प्रश्नांची उत्तरं कोणतीही कंपनी आपण होऊन देत नाही. ती डब्यावर छापून यायची असतील, तर आधी काउंटरवर त्यांच्यावाचून विक्री अडली पाहिजे.